पंचनाम्यानंतरचं घर

घरात कुणी आत्महत्या केली की पुढचे काही तास ते घर घरच्यांचं उरत नाही. पोलीस येतात, दारात हवालदार उभा राहतो, आतलं काही हलवू नका म्हणून बजावलं जातं. पंच शोधले जातात. ते बहुधा शेजारचेच असतात. त्यांना यात पडायचं नसतं, पण 'जरा सही लागेल तुमची' म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, जिला पोलिसांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळेच 'एडी' म्हणतात. पंचनाम्यात खोलीची लांबी-रुंदी येते, खिडकी कोणत्या दिशेला, कडी आतून होती की नव्हती, अंगावरचे कपडे कोणत्या रंगाचे. मग शववाहिका येते. मोबाइल, आणि चिठ्ठी सापडली असेल तर चिठ्ठी, पाकिटात सील होऊन मुद्देमाल म्हणून जाते. साहेब निघताना सांगतात, 'उद्या कुणीतरी एक जण ठाण्यात या, जबाब राहिलेत.' जीप जाते. खोली तशीच असते.

आत्महत्या का होतात, त्या कशा रोखायच्या, यावर मराठीत पुष्कळ लिहून येतं आणि ते यायलाच हवं. पण ज्या घरात ती होऊन गेली, तिथल्या माणसांनी त्या खोलीचं करायचं काय, हे त्यांना कुणीच सांगत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सरकारने कायद्याच्या कामासाठी घर ताब्यात घेतलं असेल, तर ते राहण्याजोगं करून परत देणं हेही सरकारचंच काम आहे. आज ते घरातल्या बायकांच्या आणि झाडूवाल्याच्या अंगावर पडतं, आणि आपण सगळे मिळून त्याला 'त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणतो.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत महाराष्ट्रातल्या २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. दिवसाला साठाहून अधिक. सगळ्या काही घरात होत नाहीत, आणि घरात झाल्या तरी प्रत्येक ठिकाणी मोठी साफसफाई लागतेच असं नाही. तरीही या राज्यात रोज कुठे ना कुठे कुणीतरी बादली घेऊन अशा खोलीच्या दारात उभं असतं, हे गृहीत धरायला हरकत नाही.

पहिली अडचण कायद्यातच आहे. भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १९४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४, पोलिसांना अशा मृत्यूची जागेवर चौकशी करायला लावतं. मृत स्त्रीच्या लग्नाला सात वर्षं झालेली नसली तर नियम आणखी कडक होतात आणि कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बऱ्याच ठिकाणी तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, यांची वाट पाहावी लागते. हे सगळं आवश्यक आहे. आत्महत्या म्हणून दाखवलेला प्रत्येक मृत्यू आत्महत्याच असतो असं नाही, आणि हुंडाबळींच्या काळात या राज्याने ते पुरेसं पाहिलं आहे. त्यामुळे पोलीस यायच्या आधी कुणी भाबडेपणाने फरशी पुसली तर तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ त्यासाठी आहे. कधी पुसायचं नाही ते कायद्यात आहे. कधी पुसायचं ते कुठेच नाही. पंचनामा झाला म्हणजे खोली मोकळी झाली का, की साहेब उद्या पुन्हा येऊन फोटो काढणार आहेत? घरच्यांना विचारायचं सुचत नाही आणि पोलिसांना सांगायचं सुचत नाही. मग कुणी तीन दिवस दाराला कुलूप लावून बसतं, कुणी त्याच रात्री उरकून टाकतं.

त्याच रात्री उरकणारी बहुतेक वेळा बाई असते. यामागे मायेपेक्षा वेळापत्रकाचा भाग मोठा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला परवानगी दिली. पण खून, आत्महत्या, बलात्कार आणि कुजलेले मृतदेह त्यातून वगळले. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच अपवाद. म्हणजे संध्याकाळी मृत्यू झाला तर शवविच्छेदन सकाळी. घरातले पुरुष ठाण्यात आणि शवागाराच्या बाहेर रात्र काढतात. कागद कुठे मिळेल, डॉक्टर किती वाजता येतील, 'पीएम'ला आपला नंबर कितवा, या फेऱ्या चालू असतात. घरी बायका, म्हातारी माणसं आणि पोरं उरतात, आणि ती खोली. सकाळी देह घरी आणायचा तर त्याआधी घर आवरलेलं हवं. हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. म्हणावंही लागत नाही.

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत अशा एका रात्री मी शेजारी म्हणून होतो. नवरा गेलेला, दीर शवागारापाशी, दोन मुलं सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलेली. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या आणि म्हणाल्या, 'वहिनी, तुम्ही मुलांना घेऊन आमच्याकडे जा. इथलं मी बघते.' वहिनी उठल्या नाहीत. 'माझंच घर आहे, काकू,' एवढंच म्हणाल्या. वॉचमनने सुचवलं की जिन्याचं काम करणाऱ्या माणसाला बोलावू, पण तो दोन हजार मागेल आणि वर एक बाटली. शेवटी काकूंनी साडीचा पदर खोचला, गीझरचं कढत पाणी बादलीत घेतलं, त्यात ब्लीचिंग पावडर ओतली आणि वास जावा म्हणून बाथरूमच्या ॲसिडची बाटली उघडली. सुदैवाने एका नर्सबाईंनी ती हातातून काढून घेतली. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. बंद खोलीत तो श्वासात गेला तर फुप्फुसांना इजा होते. सकाळी गादी पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांना टेकवून ठेवली. घंटागाडीवरच्या मुलाने ती पाहून विचारलं, 'हे ओल्यात की सुक्यात?' तो चेष्टा करत नव्हता. त्याला शिकवलेले प्रकार तेवढेच होते. गादी तिथेच राहिली आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनी दोन दिवस ती पाहिली.

त्या रात्री काकूंना काय ठाऊक असायला हवं होतं, ते फार अवघड नाही. रक्ताच्या डागावर गरम पाणी घालायचं नसतं. त्यातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. थंड पाणी वापरायचं. झाडायचं नाही, घासायचं नाही, आधी शोषून घ्यायचं. रबरी हातमोजे दुहेरी, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पायांत चप्पल नको, बूट हवेत. सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, म्हणजे घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, जागेवर निदान दहा मिनिटं राहू द्यायचं. लगेच पुसलं तर जंतू मरत नाहीत, फक्त आपलं समाधान होतं. गादी, उशी, गालिचा, सोफ्याचा फोम यांत जे मुरतं ते निघत नाही. त्या वस्तू टाकायच्याच. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट, भिंतीचं प्लास्टर, प्लायवूड यांचंही तेच. जिथे रसायनाचा संबंध आला असेल तिथे तर घरच्यांनी हातच लावू नये. शेतीच्या औषधांचे काही प्रकार कपड्यांतून कातडीत शिरतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात ते कपडे उघड्या हाताने धुणारी बाई कुणीतरी असतेच. एकट्या राहणाऱ्या माणसाचा मृत्यू काही दिवसांनी कळला तर काम आणखी वेगळं होतं. तिथे फिनाइल आणि उदबत्ती यांचा काही उपयोग नसतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग हेच एका कागदावर छापून वाटा, लोक करतील. नाही करू शकणार, आणि त्यांनी करू नये. साफ करण्याची रीत माहीत असणं एक, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत ती वापरायला लागणं दुसरं. स्वतः साफ केलेली खोली नंतर डोळ्यांसमोरून जात नाही, असं अशा घरांतली माणसं वर्षांनंतरही सांगतात. आत्महत्येमागे उरलेल्यांची काळजी घेणं हाच पुढच्या पिढीतला प्रतिबंध आहे, अशी मांडणी एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अर्ध्या शतकापूर्वी केली. आपण प्रतिबंधाच्या कार्यशाळा घेतो आणि उरलेल्यांच्या हातात फडकं देतो.

इथे एक जुना, आदराने घ्यावा असा आक्षेप येतो. आपल्याकडे देहाला अंघोळ घरची माणसं घालतात, तिरडी घरची बांधतात, खांदा घरचे देतात. शेवटची सेवा परक्याच्या हाती का द्यायची? सेवा देहाची आहे आणि ती घरच्यांचीच राहावी. डागांची, गादीची, सांध्यांतल्या सिमेंटची सेवा नसते. कुठल्याही शास्त्रात ती सांगितलेली नाही. उलट शास्त्राचं नाव घेणारे या घरांकडून काय काय करून घेतात ते पाहण्यासारखं आहे. दुर्मरण म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली सुचवला जातो, घराची शांत सुचवली जाते, आणि कर्ज काढून ती केलीही जाते. यावर हसणं सोपं आहे. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते: गुरुजी निदान येतात, आणि आता हे करा, मग ते करा, असं क्रमाने सांगतात. भांबावलेल्या माणसाला तेवढा क्रमही दुसरं कुणी देत नाही. धर्माच्या जुन्या रीती बदलतातही: कॅथलिक चर्चने आत्महत्येच्या बाबतीत आपली वाट बदलली. १९१७च्या कॅनन कायद्यात आत्महत्या करणाऱ्याला विधिवत दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या नव्या कायद्यातून ती गेली. गोव्यातल्या कुटुंबांना त्याआधीचा आणि नंतरचा फरक माहीत आहे. दोन हजार वर्षं चालत आलेली संस्था बदलू शकते, तर महापालिकेला बदलायला काय अडचण आहे?

बाहेरच्या देशांत हे काम व्यवसाय झालं आहे. कॅलिफोर्नियाने १९९०च्या दशकातच अशा जागा साफ करणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करून त्यांची सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली. जपानमध्ये एकटेपणी होणारे मृत्यू वाढले तशी विशेष सफाई करणारी दुकानंच्या दुकानं उभी राहिली. मेलबर्नमधल्या सँड्रा पँकहर्स्ट या बाईंनी हे काम किती माणुसकीने करता येतं ते दाखवलं. त्यांच्यावरचं सारा क्रॅस्नोस्टाइन यांचं 'द ट्रॉमा क्लीनर' हे पुस्तक २०१७ साली आलं आणि गाजलं. पण हा सगळा बाजार जसाच्या तसा इथे आणावा असं मला वाटत नाही. अमेरिकेत पोलीस साफ करून देत नाहीत. बिल हजारो डॉलरचं होतं, घराचा विमा असेल तर तो पुष्कळदा भरतो, नसेल तर कुटुंब भरतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला निदान फोन करायला नंबर तरी मिळतो. नाशिकरोडच्या कुटुंबाला तोही नाही, आणि मिळाला तरी ते बिल परवडायचं नाही. आपल्याकडे ॲपवरून मागवता येणाऱ्या सफाईत बाथरूम आहे, सोफा आहे, किचनची चिमणी आहे. ही खोली त्या यादीत बसत नाही.

मग ती साफ करायला कुणाला बोलावलं जातं? याचं उत्तर लाजिरवाणं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. जिन्याचं काम करणारा, ड्रेनेजचं काम करणारा, शवागारातला कुणी ओळखीचा. त्याची जात विचारावी लागत नाही, कारण ती गृहीत असते. मरणाची बातमी परगावी पोचवणं आणि मेलेलं जनावर ओढणं ही कामं गावगाड्यात महारांवर वतन म्हणून लादलेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या वतनाविरुद्ध विधेयक आणलं, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. वतन गेलं, हाक मारायची सवय गेली नाही. 'दोन हजार आणि बाटली' हा भाव तेच सांगतो. माणूस शुद्धीत असताना हे काम करणार नाही हे बोलावणाऱ्याला मान्य आहे. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे त्याला शुद्धीत ठेवायचं नाही. हातमोजे देण्यापेक्षा दारू स्वस्त पडते.

म्हणून सफाईचं काम सरकारने घ्यावं एवढं म्हणून भागत नाही. उद्या महापालिकेने ते घनकचरा विभागाकडे दिलं, विभागाने कंत्राटदाराला दिलं आणि कंत्राटदाराने त्याच वस्तीतून त्याच मुलांना रोजंदारीवर आणलं, तर आपण जुन्याच हाकेला सरकारी शिक्का दिला असं होईल. ही भीती काल्पनिक नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाला २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि निकाल लागला २०१७ साली. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा २०१३चा आहे. तरी गटारांत माणसं मरत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूंची भरपाई वाढवून ३० लाख करावी लागली.

माझं मत आहे की हे काम अग्निशमन दलाकडे द्यावं. अडकलेला दरवाजा फोडायला आजही त्यांनाच बोलावलं जातं, म्हणजे त्या घरात ते तसेही जातात. त्यांच्याकडे चोवीस तासांच्या पाळ्या आहेत, श्वसनाची उपकरणं आहेत, रसायनांचं प्रशिक्षण आहे. रस्त्यावर तेल सांडलं तर माती टाकायला येणारे तेच. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या गणवेशाला या समाजात मान आहे आणि भरती खुल्या स्पर्धेतून होते. लाल गाडीतून उतरलेल्या माणसाची जात कुणी विचारत नाही, त्याला आधी पाणी विचारतात. जे काम अग्निशामकाने केलं ते हलकं राहणार नाही. दलात मनुष्यबळ कमी आहे, बरीच पदं रिकामी आहेत, हे उत्तर मला ठाऊक आहे. ती भरावीत. एका शहराला यासाठी चार-पाच जणांचं एक पथक आणि एक साधी, नाव न लिहिलेली व्हॅन पुरेल. नाव न लिहिलेली अशासाठी की गाडी पाहून गल्लीत कुजबुज व्हायला नको. भिजलेल्या वस्तू न्यायची सोयही नवी उभारायची नाही. कोविडच्या काळात घरी विलगीकरणात असलेल्यांचा कचरा पिवळ्या पिशव्यांतून वेगळा उचलला जात होता आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या केंद्रात जाळला जात होता. दारोदारी जाऊन हे करता येतं हे आपण स्वतःच सिद्ध करून ठेवलं आहे. तेव्हा भीती आपल्या जिवाची होती, म्हणून यंत्रणा रातोरात उभी राहिली.

खेड्यांत अग्निशमन दल नाही, तिथे काय? तिथे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे हे काम यावं. शवविच्छेदन तिथेच होतं, जंतुनाशकं आणि हातमोजे तिथेच असतात. याहून बारकाईने मला सांगता येणार नाही. ते आरोग्य खात्याने ठरवावं.

खोलीच्या पलीकडचे व्यवहारही याच अंधारात चालतात. मुद्देमाल म्हणून गेलेल्या मोबाइलचंच घ्या. त्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, गॅसचं बुकिंग त्यावर, मुलांच्या शाळेचे निरोप त्यावर, विजेचं बिल त्यावरून भरलं जातं. तो सीलबंद पाकिटात कपाटात पडतो आणि घर दुसऱ्याच दिवशी ठप्प होतं. तो न्यायालयात अर्ज करून परत मागता येतो, हे घरच्यांना ठाऊक नसतं. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे की जप्त वस्तू ठाण्यात फार तर पंधरा दिवस ते महिनाभर ठेवाव्यात. तोवर त्याच नंबरचं नवं सिम वारसाच्या नावाने घेता येतं का, हे मोबाइल कंपनीच्या दुकानात विचारायला कुणीतरी शेजाऱ्याने जावं.

विम्याबद्दल तर सर्रास गैरसमज आहे. 'आत्महत्या आहे, आता काही मिळत नाही' असं सांगणारा एक काका प्रत्येक सुतकात भेटतो. पॉलिसी सुरू होऊन बारा महिने उलटले असतील तर जीवन विम्याची रक्कम मिळते. बारा महिन्यांच्या आत मृत्यू झाला तरी साधारणपणे भरलेल्या हप्त्यांचे निदान ८० टक्के परत मिळतात. मात्र व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिनोन् महिने लागतात आणि तोवर कंपनी फाइल पुढे सरकवत नाही. शेतकऱ्याच्या घरी मदतीचा प्रस्तावही अशाच कागदांची वाट पाहतो, वर 'पात्र' की 'अपात्र' हा शिक्का वेगळा. कर्ज सिद्ध करायला विधवेने सातबारा आणि बँकेचे दाखले गोळा करायचे, ते एक लाख रुपयांसाठी. हा आकडा २००६ पासून ऐकतो आहे.

मृत्यूच्या दाखल्याची भीतीही अशीच अनाठायी आहे. दाखल्यावर 'आत्महत्या' लिहून येईल, पुढे मुलीच्या लग्नात कुणी तो काढून दाखवेल, म्हणून नोंदच लांबवणारी कुटुंबं आहेत. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की कुणालाही दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याने दाखवलेला हा समंजसपणा मला फार आवडतो. आणि तो या कुटुंबांपर्यंत पोचलेला नसतो, याचं वाईट वाटतं. नोंद एकवीस दिवसांत करावी. उशीर झाला तर फेऱ्या वाढतात.

भाड्याच्या घराची गोष्ट सगळ्यांत कडू. मालक अनामत ठेवून घेतो, 'घराची किंमत गेली' म्हणतो, आणि कुटुंबाने महिनाअखेर बाहेर पडावं असं सुचवतो. नवं घर मिळताना जुन्या शेजाऱ्याचा फोन आधी पोचलेला असतो. जपानने यावर निदान विचार केला. तिथल्या भूमी मंत्रालयाने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांनुसार भाड्याच्या घरातली आत्महत्या नव्या भाडेकरूला साधारण तीन वर्षंच सांगायची असते. त्यानंतर ते घर पुन्हा साधं घर. आपल्या सोसायट्यांत अशा गोष्टीला मुदतच नाही. तीस वर्षांनंतरही तो फ्लॅट 'तो फ्लॅट' असतो.

यातलं बरंचसं एका कागदात मावेल. इंग्लंडमध्ये आत्महत्येनंतर उरलेल्यांसाठी 'हेल्प इज ॲट हँड' नावाची पुस्तिका आहे, फुकट मिळते. आपल्या पोलीस ठाण्यांत पंचनाम्याची प्रत मिळवायलाच तीन चकरा होतात, तिथे पुस्तिका दूरच. मला पुस्तिकाही नको. तपास अधिकाऱ्याने निघताना मराठीत छापलेला एक कागद हातात द्यावा: खोली अमुक वेळेपासून साफ करायला मोकळी आहे, खाली सही आणि शिक्का, सफाई पथकाचा नंबर, मोबाइल कधी आणि कसा परत मिळेल, शवविच्छेदन अहवाल कुठून घ्यायचा, दाखल्यावर कारण येत नाही, आणि बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६, जो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतो. छपाईचा खर्च काय तो होईल. बंदोबस्तातल्या एका दिवसाच्या चहापेक्षा जास्त होणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या इमारतीत, तुमच्या आळीत अशी वेळ आली तर घरच्यांना खोलीत जाऊ देऊ नका, आणि वॉचमनला बाटलीचे पैसेही देऊ नका. दोन-तीन धडधाकट, नात्याबाहेरची माणसं गोळा करा, हातमोजे आणि मास्क मेडिकलमधून आणा, खिडक्या उघडा, गादी झाकून न्या. आणि त्याआधी ठाण्यात जाऊन साहेबांना एवढंच विचारा: आता साफ करायला हरकत नाही, असं लिहून देता का?